वासरू टाकलेली गाय पुढच्या वर्षी ठणठणीत दिसते, ब्रुसेलोसिसचा खरा घोळ तिथेच आहे

गाय सातव्या महिन्यात गाभडली की गोठ्यात पहिली चर्चा होते ती कशामुळे गाभडली याची. दुसरीनं शिंग मारलं असेल, पाय घसरला असेल, उन्हाचा तडाखा बसला, नजर लागली, चाऱ्यातून काहीतरी पोटात गेलं. यातलं एखादं कारण खरंही असतं कारण गाभ जायला कारणं पुष्कळ आहेत. पण शेवटच्या तीन-चार महिन्यांत, चांगली धडधाकट गाय, आधी ताप नाही की चारा सोडलेला नाही, आणि एक दिवस सकाळी बघतो तर मेलेलं वासरू पडलंय आणि वार (गर्भाचं वेष्टण) अडकलीय, असं झालं की डोक्यात ब्रुसेलोसिस हे नाव आलंच पाहिजे. सरकारी पत्रकावर याला सांसर्गिक गर्भपात म्हणतात. हा ब्रुसेला नावाच्या जिवाणूचा आजार आहे, गाई-म्हशींत मुख्यतः ब्रुसेला अबॉर्टस आणि शेळ्या-मेंढ्यांत ब्रुसेला मेलिटेन्सिस, आणि दोन्ही माणसाला होतात.

आता पुढे काय होतं ते बघा. वार निघेना म्हणून घरातलंच कोणीतरी हात घालून ओढतं, ग्लोव्हज कुठले, फार तर साबण नाहीतर तेल लावतात. वासरू उकिरड्यावर जातं, तिथून कुत्री ओढून नेतात. बाकीच्या गाई ती ओली जागा हुंगतात, चाटतात. गाय आठ-पंधरा दिवसांत सावरते, दूध द्यायला लागते, पुन्हा माजावर येते, भरवतात, आणि पुढच्या वेताला बऱ्याच वेळा छान जिवंत वासरू देते. झालं, घरच्यांच्या दृष्टीनं विषय संपला. जिवाणू मात्र तिच्या अंगात तसाच राहतो, दर वेताला वारेतून आणि स्रावातून बाहेर पडतो, अधूनमधून दुधातून येतो. बहुतेक गाई या आजारानं एकदाच गाभडतात, नंतर त्यांच्याकडे बघून कुणाला काही कळत नाही. मला विचाराल तर या आजारातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे, यात आजारी जनावर आजारी दिसत नाही. गोठ्यातले आपण तर फसतोच पण या गोष्टीनं मोठमोठे संशोधक सुद्धा वर्षानुवर्षं फसले.

ती गोष्ट माल्टाची आहे. भूमध्य समुद्रातलं छोटंसं बेट, तेव्हा ब्रिटिशांच्या ताब्यात, आणि तिथल्या फौजेतले सैनिक एका विचित्र तापानं महिनोन्‌महिने दवाखान्यात पडून असायचे. ताप चढायचा, उतरायचा, परत चढायचा, रात्री घामानं अंथरूण भिजायचं, सांधे आणि कंबर धरायची. मरण कमी पण माणूस कामातून जायचा. डेव्हिड ब्रूस नावाच्या लष्करी डॉक्टरनं मेलेल्या सैनिकांच्या प्लीहेतून हा जिवाणू वेगळा काढला आणि १८८७ मध्ये ते प्रसिद्ध केलं. जिवाणू सापडला, पण तो माणसात येतो कुठून हे पुढची जवळपास अठरा वर्षं कुणालाच सांगता आलं नाही. डास, धूळ, गटारं, हवा सगळ्यांवर संशय घेऊन झाला. शेवटी १९०४ मध्ये एक आयोग नेमला, त्यात माल्टाचाच एक डॉक्टर होता, थेमिस्टोक्लीस झॅमिट. त्याला प्रयोगासाठी शेळ्या हव्या होत्या. माल्टात शेळ्या घरोघरी फिरवून दारातच दूध पिळून द्यायची पद्धत होती, त्यामुळे शेळ्यांना तोटा नव्हता. १९०५ मध्ये त्यानं प्रयोगाआधी शेळ्यांचं रक्त तपासलं तर काही शेळ्यांच्या रक्तात आधीपासूनच या जिवाणूविरुद्धच्या अँटिबॉडी होत्या. म्हणजे शेळ्यांना लागण होऊन गेली होती किंवा चालू होती, आणि त्या तर अगदी नीट चरत होत्या, भरपूर दूध देत होत्या!

मग आयोगानं बेटावरच्या शेळ्या तपासल्या तेव्हा जवळपास निम्म्या बाधित निघाल्या आणि दहातली साधारण एक शेळी दुधातून जिवंत जिवाणू सोडत होती. त्याच वर्षी जोशुआ निकल्सन नावाच्या जहाजातून माल्टाच्या शेळ्या अमेरिकेला निघाल्या होत्या, वाटेत खलाशांनी त्यांचं कच्चं दूध प्यायलं आणि बरेच जण याच तापानं आजारी पडले, त्यामुळे उरलीसुरली शंकाही गेली. १९०६ मध्ये फौजेच्या जेवणातून शेळीचं दूध बंद केलं आणि सैनिकांतला ताप झपाट्यानं खाली आला. इथे एक गोष्ट लक्षात घ्या, इतकी वर्षं शेळीवर संशय आला नाही त्याचं कारण फक्त एवढंच होतं की शेळ्या चांगल्या दिसत होत्या.

गाईचा धागा वेगळा चालू होता. डेन्मार्कमध्ये बर्नहार्ड बँग यानं १८९७ मध्ये गाभडलेल्या गाईच्या गर्भाशयातून एक जिवाणू शोधला. तो जनावरांचा जिवाणू, माल्टाचा तो माणसांचा, असे दोन वेगळे कप्पे सगळ्यांच्या डोक्यात पक्के होते. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या दुग्ध विभागात काम करणाऱ्या ॲलिस इव्हान्स यांनी दोन्ही शेजारी शेजारी ठेवून तपासले आणि १९१८ मध्ये लिहिलं की हे अगदी जवळचे सख्खे आहेत, आणि मग गाईचं कच्चं दूधही माणसाला धोक्याचं असणार. त्यांच्याकडे डॉक्टरेट नव्हती, त्यात बाई, आणि दूध धंद्यातल्या लोकांना ही गोष्ट परवडणारी नव्हती, मोठमोठ्या शास्त्रज्ञांनी सुद्धा धुडकावून लावलं. १९२२ मध्ये त्यांना स्वतःलाच लॅबमध्ये या जिवाणूची लागण झाली, पुढे कितीतरी वर्षं आजार उलटत राहिला, आणि निदान व्हायच्या आधी डॉक्टर त्याला मनाचा थकवा म्हणत राहिले. नंतर इतर संशोधकांनी त्यांचं म्हणणं खरं ठरवलं आणि १९२८ मध्ये अमेरिकेतल्या जिवाणूशास्त्रज्ञांच्या संघटनेच्या त्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. आज पिशवीतलं दूध ७२ अंशाला १५ सेकंद तापवून येतं त्यामागे टीबीइतकाच या आजाराचाही हात आहे, आणि या बाईंचं नाव आपल्याकडे अजून जास्त लोकांना माहीत व्हायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

बरं, आता गाईच्या अंगात हा जिवाणू नेमकं करतो काय ते सोपं करून सांगतो. लागण बहुतेक वेळा तोंडावाटे होते, म्हणजे गाभडलेल्या गाईचा स्राव सांडलेला चारा, पाणी, जमीन चाटून. डोळ्यातून आणि कातडीच्या ओरखड्यातूनही आत जाऊ शकतो. आत गेला की जवळच्या लसिका गाठीत (लिम्फ नोडमध्ये) पोचतो. तिथे मॅक्रोफेज नावाच्या पेशी असतात, शरीरात शिरलेला कुठलाही जंतू गिळायचा आणि पचवून टाकायचा हे त्यांचं काम. बहुतेक जिवाणू इथे संपतात, ब्रुसेला संपत नाही. एक तर त्याचं बाहेरचं आवरण असं आहे की शरीराची धोक्याची घंटा नीट वाजतच नाही, म्हणून सुरुवातीला ताप, सूज असं फारसं काही दिसत नाही. दुसरं म्हणजे गिळला गेल्यावर तो ज्या पिशवीत असतो ती पिशवी पेशीच्या पचवणाऱ्या भागाशी पूर्ण जोडली जाणार नाही अशी व्यवस्था तो करतो, आणि पेशीच्या आतच एका सुरक्षित कोपऱ्यात जाऊन वाढायला लागतो. त्यासाठी त्याच्याकडे एक सुईसारखी यंत्रणा आहे, तिच्यातून तो स्वतःची प्रथिनं पेशीत सोडतो आणि पेशीचा कारभार आपल्या सोयीनं वळवतो. ही यंत्रणा १९९९ मध्ये सापडली, म्हणजे जिवाणू सापडल्यानंतर शंभराहून जास्त वर्षांनी. थोडक्यात चोर पोलीस ठाण्यातच मुक्कामाला असतो. म्हणूनच गाईला अँटिबायोटिकची इंजेक्शनं देऊन हा आजार जात नाही, औषध रक्तात फिरतं आणि जिवाणू पेशीच्या आत बसलेला असतो, महिनोन्‌महिने औषध देणं परवडत नाही, दूध वाया जातं, आणि एवढं करून गाय साफ झाली याची खात्री कुणीच देऊ शकत नाही. त्यामुळे जनावरांत याचा इलाज करायची शिफारस केली जात नाही. कुणी हमखास बरी करतो म्हणून इंजेक्शनचा कोर्स विकत असेल तर पैसे घालवू नका.

मग वासरावरच का घाला घालतो? कालवडीला लहानपणी लागण झाली तर फारसं काही होत नाही, जिवाणू गुपचूप बसतो किंवा निघूनही जातो. गाभण राहिल्यावर, त्यातही पाचव्या महिन्यानंतर, चित्र बदलतं. १९६२ मध्ये इंग्लंडमधल्या हॅरी स्मिथ यांच्या गटानं दाखवलं की गाईच्या वारेत आणि गर्भाच्या पाण्यात एरिथ्रिटॉल नावाची एक प्रकारची साखर भरपूर असते आणि ब्रुसेला ती ग्लुकोजपेक्षाही आवडीनं खातो. त्यामुळे तो तिथे प्रचंड वाढतो. सगळं काही या एका साखरेवर ठरत नाही, गाभणपणातले हार्मोन आणि वारेच्या पेशींची रचना याचाही वाटा आहे असं नंतरचं संशोधन सांगतं, पण वार हे त्याचं आवडतं घर हे पक्कं आहे. वार सुजते, सडते, वासराला अन्न-ऑक्सिजन पोचत नाही, वासरू मरतं आणि बाहेर पडतं, वार मात्र चिकटून राहते. त्या एका वारेत अब्जावधी जिवाणू असतात. आणि आपण नेमका तिथेच उघडा हात घालतो.

गाभडल्यानंतर वाढीची जागाच उरत नाही म्हणून जिवाणू परत लसिका गाठींत आणि कासेत जाऊन बसतो. कास सुजत नाही, दुधाचा रंग-वास बदलत नाही, दगडी (कासदाह) झाल्यासारखं काही नाही. काही जनावरांच्या गुडघ्यावर पाण्यानं भरलेली मऊ गाठ येते, ती दिसली तर संशय घ्यावा. वळूत आंडाला सूज येते आणि वीर्यातून जिवाणू येतो, म्हणून रेतन केंद्रांवरच्या वळूंची ठरावीक काळानं तपासणी होते. गावातला फिरता वळू कोण तपासतो?

अजून एक त्रासदायक प्रकार आहे. बाधित आईच्या पोटात लागण झालेली काही वासरं जन्मल्यावर टेस्टमध्ये निगेटिव्ह येतात, वाढतात, आणि पहिल्यांदा गाभण राहून गाभडली किंवा व्यायली की मग पॉझिटिव्ह येतात. अशी वासरं थोडी असतात, पण ज्यानं घरचीच कालवड म्हणून डोळे झाकून भरवसा ठेवला त्याचं नुकसान होतं.

टेस्टचं नीट समजून घेऊ, कारण दिसण्यावर भरवसा नाही म्हटल्यावर रक्तावरच यावं लागतं. सगळ्यात सोपी आणि स्वस्त टेस्ट रोज बेंगाल. रक्त गोठू देऊन वरचं पिवळसर सीरम घ्यायचं, त्याचा एक छोटा थेंब पांढऱ्या टाइलवर किंवा काचेवर ठेवायचा, शेजारी तेवढाच गुलाबी अँटिजेनचा थेंब. हा अँटिजेन म्हणजे मारलेले ब्रुसेला जिवाणू, गुलाबी रंग दिलेले. दोन्ही काडीनं मिसळायचे आणि चार मिनिटं प्लेट हळूहळू हलवत राहायची. निगेटिव्ह असेल तर एकसारखं गुलाबी पाणी राहतं. पॉझिटिव्ह असेल तर आधी कडेला बारीक कण दिसायला लागतात आणि मग दही फाटल्यासारखे गुलाबी दाणे आणि मध्ये स्वच्छ पाणी असं होतं, कारण गाईच्या अँटिबॉडी जिवाणूंना धरून त्यांचे गठ्ठे करतात. पॉझिटिव्ह आलेलं सीरम मग एलायझासारख्या टेस्टनं पक्कं करतात, कारण दुसऱ्या काही जिवाणूंमुळेही कधी कधी खोटं पॉझिटिव्ह येतं. आणि उलट बाजूही आहे, नुकत्याच गाभडलेल्या गाईत अँटिबॉडी अजून तयार झालेल्या नसतील तर निगेटिव्ह येतं, म्हणून एकदा निगेटिव्ह आली तरी दोन-तीन आठवड्यांनी परत रक्त द्यायचं, हे बरेच जण करत नाहीत.

दुधाची टेस्ट मला विशेष आवडते. नळीत एक मिली दूध घेऊन त्यात जांभळ्या रंगाच्या मेलेल्या ब्रुसेलाचा एक थेंब टाकतात, मिसळतात आणि तासभर ३७ अंशाला ठेवतात. दुधात अँटिबॉडी असतील तर त्या जिवाणूंचे गठ्ठे करतात, गठ्ठे स्निग्धाच्या कणांना चिकटतात आणि साय वर येताना त्यांना बरोबर घेऊन येते, म्हणजे वर जांभळं कडं आणि खाली पांढरं दूध. अँटिबॉडी नसतील तर रंग दुधातच पसरलेला राहतो. १९३७ मध्ये जर्मनीत ही पद्धत निघाली आणि गंमत म्हणजे एकेका गाईला धरून रक्त न काढता गोठ्याच्या एकत्र कॅनचं दूध तपासून कुठल्या गोठ्यात घुसायचं ते कळतं. चिकाचं दूध किंवा दगडी झालेल्या गाईचं दूध असेल तर ही टेस्ट फसते, म्हणून ती फक्त चाळणी समजायची.

गाभडलेलं वासरू सुद्धा पुरावा असतं. त्याच्या पोटातलं पाणी, वारेचा तुकडा हे नमुने डॉक्टरांनी घेऊन बर्फात लॅबला पाठवायचे असतात, महाराष्ट्रात पुण्याला औंधच्या रोग अन्वेषण विभागात अशी तपासणी होते. जिवाणू प्रत्यक्ष वाढवून बघणं मात्र वेळखाऊ आणि धोक्याचं काम आहे, तो हळू वाढतो आणि लॅबमधल्या माणसांना लागण होणाऱ्या आजारांत ब्रुसेलोसिस वरच्या नंबरात आहे, म्हणून ते खास सुरक्षित लॅबमध्येच करतात. तुम्ही फक्त एवढं करा, वासरू पुरून टाकायच्या आधी डॉक्टरांना फोन करा.

आता लस. याची गोष्ट पण भारी आहे. अमेरिकेत जॉन बक यांनी १९२३ मध्ये एका जर्सी गाईच्या दुधातून ब्रुसेलाचा चांगला जहाल वाण काढला होता. ती कल्चरची नळी लॅबमध्ये साध्या तापमानाला वर्षभराहून जास्त तशीच राहिली आणि नंतर तपासलं तर जिवाणू जिवंत होता पण त्याचा जहालपणा गेला होता. वासरांना टोचला तर आजार होत नव्हता आणि पुढे संरक्षण मिळत होतं. तोच स्ट्रेन १९, आणि आज शंभर वर्षांनीही आपल्याकडे मादी वासरांना टोचतात ती लस हीच. पुढे अभ्यासात कळलं की या वाणाचा एरिथ्रिटॉल वापरायच्या जीनचा एक तुकडा गळालेला आहे.

ही लस जिवंत आहे, आणि तिच्याबद्दलचे सगळे नियम त्यातूनच येतात. मादी वासरालाच द्यायची, वय ४ ते ८ महिने, आयुष्यात एकदाच. नर वासराला दिली तर आंडाला इजा होऊ शकते. गाभण गाईला दिली तर ती लसीनंच गाभडू शकते. आणि मोठ्या गाईला दिली तर अँटिबॉडी रक्तात एवढा काळ राहतात की नंतर टेस्ट पॉझिटिव्ह आली तर ती लसीमुळे की आजारामुळे हे सांगता येत नाही. वासराला लहानपणी दिली तर वयात येईपर्यंत त्या अँटिबॉडी बहुतेक उतरलेल्या असतात. म्हणून "आमच्या सगळ्याच गाईंना देऊन टाका" असं म्हणणाऱ्या शेतकऱ्याला डॉक्टर नाही म्हणतात ते कंटाळा म्हणून नाही. टोचताना डॉक्टरांनी ग्लोव्हज आणि चष्मा घालायचा असतो, कारण चुकून स्वतःला सुई लागली तर लसीचा जिवाणू माणसाला आजारी पाडू शकतो, असं झालेलंही आहे. वासरू धरायला उभे राहता ना, तेव्हा नीट घट्ट धरा.

टेस्टमधला हा गोंधळ टाळायला अमेरिकेत व्हर्जिनिया टेकमध्ये गेरहार्ड शुरिग यांच्या गटानं आरबी५१ नावाचा वाण तयार केला आणि १९९६ पासून तिथे स्ट्रेन १९ ऐवजी तो वापरायला लागले. टेस्ट ज्या आवरणाच्या भागाला ओळखते तोच भाग या वाणात नाही, त्यामुळे लस दिलेली गाय टेस्टमध्ये पॉझिटिव्ह येत नाही. मोठंच काम झालं. पण हा वाण बनवताना रिफॅम्पिसिन या औषधाच्या साहाय्यानं निवडलेला असल्यामुळे त्याच्यावर रिफॅम्पिसिन चालत नाही, आणि तेच तर माणसाच्या ब्रुसेलोसिसवरचं एक मुख्य औषध. २०१७ मध्ये टेक्सासमध्ये कच्चं दूध प्यायलेल्या माणसाला या लसीच्याच वाणाचा आजार झाला, आणि नेहमीची टेस्ट त्याला पकडत नाही ही पंचाईत वेगळीच. आपल्याकडे बरेलीच्या भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेनं स्ट्रेन १९ मधला एक जीन काढून सुधारित वाण तयार केलाय, उद्देश हाच की संरक्षण राहावं आणि टेस्टमध्ये घोळ कमी व्हावा. या कामाकडे माझं बारीक लक्ष आहे कारण आपल्या देशाची गरज वेगळी आहे.

वेगळी का ते सांगतो. ज्या देशांनी हा आजार हटवला त्यांनी लसीबरोबर एक दुसरी गोष्ट केली, टेस्ट करायची आणि पॉझिटिव्ह जनावर कत्तलखान्यात पाठवायचं, शेतकऱ्याला भरपाई द्यायची. आपल्याकडे ते होत नाही आणि महाराष्ट्रात तर २०१५ पासून सगळ्याच गोवंशाच्या कत्तलीला बंदी आहे. म्हणजे पॉझिटिव्ह गाईचं करायचं काय हा प्रश्न शेतकऱ्याच्या गळ्यात राहतो. बहुतेक वेळा काय होतं, ती बाजारात जाते. गाभडलेली हे सांगत नाहीत, दुसऱ्या वेताची, दुधाला चांगली, एवढंच सांगतात, आणि जिवाणू एका तालुक्यातून दुसऱ्या तालुक्यात पोचतो. मला त्या विकणाऱ्याचाही राग येत नाही खरं तर, लाखाच्या आसपासची गाय घरात ठेवून तो काय करणार, पण घेणाऱ्याच्या पोरांचा विचार केला की जीव तुटतो. जोपर्यंत पॉझिटिव्ह गाय ठेवणाऱ्याला काही आधार मिळत नाही तोपर्यंत लोक टेस्टच करणार नाहीत हे माझं स्पष्ट मत आहे.

त्यामुळे आपल्याकडे सगळा भार लसीवर आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये मथुरेत राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, लाळ्या खुरकूत आणि ब्रुसेलोसिस या दोन आजारांसाठी मिळून पाच वर्षांना १३,३४३ कोटी रुपये मंजूर झाले, आणि गाई-म्हशींच्या ४ ते ८ महिन्यांच्या मादी वासरांना ही लस फुकट देतात. कानात बारा अंकी बिल्ला मारून नोंद होते. कालवड किंवा पारडी चार महिन्यांची झाली की दवाखान्यात स्वतःहून सांगा, आठ महिने उलटले की ती संधी गेली. पिढी दर पिढी लसवंत कालवडी गोठ्यात येत गेल्या तर दहा-पंधरा वर्षांत चित्र बदलू शकतं, एका वर्षात काही दिसणार नाही आणि म्हणून कंटाळून सोडायचंही नाही.

नवीन गाय आणताना रोज बेंगाल करून घ्या, आणि ती आली की लगेच दावणीत न मिसळता महिनाभर वेगळी बांधा आणि परत एकदा तपासा. पॉझिटिव्ह निघालेली घरची गाय ठेवायचीच असेल तर व्यायच्या आधी ती बाकीच्यांपासून लांब बांधायची, व्याल्यानंतर स्राव थांबेपर्यंत तिथेच ठेवायची, आणि विकायची नाही. गाभडली तर वासरू, वार, भिजलेला चारा सगळं खोल खड्ड्यात चुना टाकून पुरायचं, कुत्र्यांच्या तोंडी लागू द्यायचं नाही, जागा ब्लीचिंग पावडरनं किंवा चुन्यानं धुवायची. उन्हात हा जिवाणू लवकर मरतो पण सावलीच्या ओल्या जागेत, शेणात, थंडीत आठवडेच्या आठवडे तग धरतो, म्हणून अंधाऱ्या दमट गोठ्यात जास्त काळजी. वार ओढायची नाही हे तर सगळ्यात आधी, आणि हात लावायची वेळ आलीच तर खांद्यापर्यंतचे ग्लोव्हज मेडिकलमध्ये मिळतात, तोंडाला रुमाल, डोळ्याला साधा चष्मा तरी. गरोदर बाईनं आणि लहान पोरांनी त्या जागेजवळ फिरकूच नये.

शेळ्या-मेंढ्यांचं तर बोलतच नाही कोणी. माणसासाठी सगळ्यात वाईट प्रकार शेळी-मेंढीचाच, माल्टाचा तोच, आणि कळपात शेळी अडली की हातानं पिल्लू ओढणं हे मेंढपाळ बायकांचं रोजचं काम. हा लसीचा कार्यक्रम गाई-म्हशींच्या वासरांचा आहे, शेळ्या त्यात नाहीत, त्यामुळे तिथे सध्या ग्लोव्हज आणि साबण हीच लस.

दुधाचं सोपं आहे, उकळलं की ब्रुसेला मेला. आपल्याकडे घरोघरी दूध तापवायची सवय आहे म्हणून शहरं वाचतात. खरवस वाफवलेला असतो त्यामुळे तोही चालतो. धारोष्ण दुधाचं मात्र मला काळजीचं वाटतं. कोल्हापूरला गंगावेशीत समोर म्हैस पिळून फेसाळ दूध पिणारे लोक, तालमीतली पोरं, हे सगळं प्रेमानं चालतं आणि त्या म्हशी सांभाळणारे जीव लावून सांभाळतात, पण म्हशीकडे नुसतं बघून ती बाधित आहे की नाही हे तिच्या मालकालाही कळू शकत नाही. प्यायचंच असेल तर म्हैस वर्षातून दोनदा तपासून घ्या, किंवा तापवून प्या, ताकद तेवढीच मिळते.

माणसाला लागण झाली की साधारण एक ते चार आठवड्यांत, कधी काही महिन्यांनी, ताप सुरू होतो. संध्याकाळी चढतो, रात्री घाम फुटतो, सकाळी बरं वाटतं, कंबर आणि सांधे दुखतात, भूक जाते, पुरुषांत वृषणाला सूज येऊ शकते. टायफॉइड झालं, मलेरिया झालं, टीबीची तपासणी झाली, सलाईन झाली, आठवडाभर गोळ्या घेतल्या की बरं वाटतं आणि परत ताप. बऱ्याच जणांचे असे महिने जातात कारण डॉक्टर विचारत नाहीत आणि पेशंट सांगत नाही की घरी जनावरं आहेत. हे तुम्ही स्वतः सांगा, "दोन महिन्यांपूर्वी गाय गाभडली होती, वार मी काढली होती" एवढं एक वाक्य बोललात की डॉक्टर ब्रुसेलाची रक्ततपासणी लिहून देतील. माणसात हा आजार औषधानं बरा होतो, डॉक्सीसायक्लीन आणि जोडीला रिफॅम्पिसिन किंवा स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं, डॉक्टर ठरवतील ते, पण कोर्स सहा आठवड्यांचा असतो आणि दुसऱ्या आठवड्यात बरं वाटलं म्हणून सोडला की आजार उलटतो आणि मणक्यात जाऊन बसू शकतो. एकाचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर त्या गाईचं दूध काढणारे, गोठा झाडणारे, त्या दिवशी मदतीला आलेला शेजारी, या सगळ्यांचं रक्त त्याच आठवड्यात तपासून घ्या, ताप नसला तरी.